चिनी नंबरचा बोया: एका मच्छीमार सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडावरचं हे गाव. नाव देत नाही, कारण यातली सगळी माणसं रोज सकाळी एकमेकांना जेटीवर भेटतात आणि पुढेही भेटायची आहेत. गावात जुनी मच्छीमार सहकारी सोसायटी आहे. चाळीसेक गिलनेट होड्या, सगळ्या वीस मीटरच्या आतल्या. मी स्वतः मच्छीमार नाही. मी बोटीवर होतो, म्हणजे व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर. निवृत्त होऊन गावी आलो आणि सोसायटीचे फॉर्म भरता भरता तिथलाच झालो. या प्रकरणात एक चूक माझीही आहे, ती पुढे येईल.

गिलनेटची मासेमारी कशी चालते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. संध्याकाळी जाळं सोडायचं. दोन-अडीच किलोमीटर लांब, पाण्याच्या वरच्या थरात पडद्यासारखं उभं. एक टोक होडीला, दुसऱ्या टोकाला बोया, त्यावर बांबू, बांबूला झेंडा आणि दिवा. रात्रभर होडी आणि जाळं मिळून प्रवाहाबरोबर वाहतात आणि पहाटे खलाशी ते ओढून घेतात. सुरमई याच जाळ्यात.

आता त्याच पाण्यातून रात्री कोळशाची, कंटेनरची जहाजं जातात. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जाळं होडीपासून दीडशे मीटरच्या पलीकडे गेलं असेल, तर जाळ्याच्या दिशेला होडीवर एक पांढरा दिवा लावायचा. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तो लावतात. पण मी स्वतः ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, रात्री काढल्या आहेत. पावसाळी हवेत तो दिवा दिसतो तोवर जहाज वळवायला वेळ उरलेला नसतो, आणि दिसला तरी जाळं अडीच किलोमीटरवर कुठे संपतं हे त्यातून कळत नाही. जहाज जाळ्यावरून जातं, पंख्यात दोर गुंतून तुटतो आणि जहाजावर कुणाला पत्ताही लागत नाही. इकडे एका घराचं लाखांचं जाळं एका रात्रीत जातं.

यावर बाजाराने उपाय काढला. गावात त्याला ‘जाळ्याचा जीपीएस’ म्हणतात. मोठ्या थर्मासएवढी प्लास्टिकची नळी, वर अँटेना आणि लुकलुकणारा दिवा, आत बॅटरी. तो बोयाच्या बांबूला बांधायचा. मोठी जहाजं आपली ओळख, जागा आणि वेग ज्या एआयएस यंत्रणेवरून सतत सांगत असतात, त्याच लहरींवर ही नळीही बोलते: ‘मी इथे आहे.’ जहाजाच्या पडद्यावर एक त्रिकोण उमटतो आणि ब्रिजवरचा माणूस जहाज थोडं बाजूला घेतो. काही हजारांत मिळतो, बिल नसतं, कोण आणून विकतो हे विचारायचं नसतं. दोन हंगामांत तीसेक होड्यांवर हे आले. माझ्या घरासमोरून ते नेले जात होते आणि मी एकदाही विचारलं नाही की यात नंबर कोणता भरलाय.

एआयएसवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक असतो. पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४१९, पाकिस्तानचे ४६३, चीनचे ४१२ ते ४१४. या नळ्यांमध्ये कारखान्यातून जो नंबर आला तोच होता.

या किनाऱ्याचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. १९९३ मध्ये मुंबईच्या स्फोटांसाठीची स्फोटकं श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली. २००८ मध्ये दहा जण ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून मुंबईपर्यंत आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या नौकेत रायफली सापडल्या आणि नंतर कळलं की ती ओमानकडच्या समुद्रात सोडून दिलेली नौका होती. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईसमोर रडारवर संशयित पाकिस्तानी बोट दिसली. भर पावसात मोठा शोध झाला आणि शेवटी तो पाकिस्तानी मासेमारी बोटीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया असावा असा निष्कर्ष निघाला. आमचं प्रकरण त्यानंतरच्या हंगामातलं.

अडचण

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी रात्री एका होडीच्या जाळ्याचं टोक तुटलं. बोया सुटला, बांबू मोडला, नळी तेवढी तरंगत राहिली. बुधवारी पहाटे तांडेलाच्या लक्षात आलं. त्याने अर्धा तास शोधलं, मिळालं नाही, आणि तो मासळी घेऊन बंदराला आला. कुणाला काही बोलला नाही. बोलण्यासारखं काय होतं? बिल नसलेली वस्तू हरवली, एवढंच.

गुरुवारी पहाटे तीनच्या सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन वाजला. पलीकडे सागरी पोलीस ठाणं. ‘तुमच्या हद्दीत किनाऱ्यापासून पाच मैलांवर एक बोट दिसतेय. नंबर चीनचा. उत्तर देत नाही. तुमच्यापैकी कुणी बाहेर आहे का?’ सेक्रेटरीने झोपेत विचारलं, ‘आमच्याकडे चिनी बोट कशाला येईल साहेब?’ हे वाक्य गावात अजून चालतं.

उजाडेपर्यंत खाडीच्या पुलावर नाकाबंदी होती. पर्यटकांच्या खोल्यांमधली रजिस्टरं तपासली गेली. रत्नागिरीकडे मासळी घेऊन जाणारे टेम्पो उघडून पाहिले, बर्फ उपसला. विकायला निघालेल्या बायका पुलावर दोन तास उन्हात बसल्या आणि त्यांच्या टोपल्यांतल्या मासळीचं जे व्हायचं ते झालं. या नुकसानीची नोंद पुढे कुठल्याच कागदावर आली नाही.

मी सहा वाजता जेटीवर गेलो. सेक्रेटरीकडून ‘चारशे बारा’ ऐकलं आणि डोक्यात लगेच आलं की ही नळी असणार. वेग पाऊण नॉट, म्हणजे तासाला पाऊण सागरी मैल, दिशा प्रवाहाची, रेडिओला उत्तर नाही. चालत्या बोटीची ही लक्षणं नव्हेत. पण मी पोलिसांना लगेच फोन केला नाही. आधी कुणाची नळी हरवलीय ते नक्की करू, उगाच कुणाचं नाव नको, असं म्हणत साडेआठ वाजवले. नाकाबंदी माझ्या त्या अडीच तासांतही चालूच होती.

साडेआठला तांडेल स्वतःच माझ्याकडे आला. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, ‘काका, तो माझाच बोया असणार.’

समोर कोणते मार्ग होते

सोसायटीच्या बर्फाच्या खोलीत पाच-सहा जण बसलो. चार मार्ग बोलले गेले.

पहिला अर्थातच गप्प बसण्याचा. बॅटरी संपेल, नळी बुडेल किंवा कुठल्या खडपात अडकेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या नळ्या रात्री खाडीत सोडून द्याव्यात. दोघातिघांना हे पटत होतं, आणि त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परवान्याशिवाय रेडिओ यंत्र बाळगणं १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून गुन्हा आहे. नंबर चीनचा. घरात तरुण मुलं. ‘देशद्रोही’ हा शब्द आजकाल किती स्वस्त झालाय ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा, फक्त हरवलेल्या नळीबद्दल सांगायचं, बाकीच्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

तिसरा, सगळंच सांगायचं आणि सगळ्या नळ्या जमा करायच्या.

चौथा मी सुचवला: जमा करण्याआधी त्या कायदेशीर करून घेता येतात का ते पाहावं. कागदावर हा सगळ्यात शहाणा. पण दार कुठलं ठोठवायचं? प्रादेशिक समुद्रातली, म्हणजे बारा सागरी मैलांच्या आतली, मासेमारी राज्याच्या सूचीत. त्यापलीकडची केंद्राच्या सूचीत. परवाना राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग देतो. सागरी पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाचं, आणि २००९ पासून प्रादेशिक समुद्राच्या सुरक्षेचा समन्वय त्यांच्याकडे. एआयएसचे नियम नौवहन महासंचालनालयाचे. लहरींचा परवाना दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेचा. परदेशी नळी देशात शिरली कशी हा प्रश्न सीमाशुल्काचा. एक हातभर प्लास्टिकची नळी आणि सहा दारं. जाळ्याच्या टोकाला काय बांधावं हे सांगणं मात्र यातल्या एकाही दाराचं काम नव्हतं.

सेक्रेटरीने विचारलं, ‘काका, यातलं आज सकाळी उघडं असेल असं कुठलं?’ एकच होतं.

काय केलं

तांडेल, सेक्रेटरी आणि मी सागरी पोलीस ठाण्यात गेलो. वाटेत दुसरा की तिसरा मार्ग हे ठरलेलं नव्हतं. तांडेलाने नळीचं वर्णन दिलं: मानेला निळ्या नायलॉनची दोन वेढ्यांची गाठ, तळाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. दुपारी सागर रक्षक दलाच्या, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या गावातल्या स्वयंसेवक पोरांना ती कड्याखालच्या खडपात सापडली. निळी गाठ, ट्यूबचा पट्टा, सगळं जुळलं. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, ‘अशा अजून किती?’

या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला आणि तो घ्यायला चार-पाच सेकंद मिळाले. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होता, मी टेबलाकडे. तांडेल म्हणाला, ‘तीस-बत्तीस असतील.’ ज्याची वस्तू सापडली होती, ज्याला सगळ्यात जास्त भीती होती, त्यानेच सांगितलं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, ‘पुढल्या वेळी दुसऱ्याचा सुटला असता, तर हाच प्रश्न परत मलाच विचारला असता.’

अधिकाऱ्यांनीही त्या दिवशी एक निर्णय घेतला. जबाब घेतला, पंचनामा केला, नळी जप्त केली. गुन्हा त्या क्षणी नोंदवला नाही, वरिष्ठांना अहवाल पाठवला. कायद्याने त्यांना ते किती करता येतं यावर वाद होऊ शकतो. पण त्यांनी तांडेलाला तिथेच आत टाकलं असतं, तर उरलेल्या तीस नळ्यांपैकी एकही बाहेर आली नसती, हे मी खात्रीने सांगतो.

मग एक गंमत झाली. जप्त केलेली नळी कुणी बंदच केली नव्हती. तिला बंद करायला अंगावर ठरावीक जागी लोहचुंबक धरावं लागतं आणि ते तांडेलाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. संध्याकाळी ठाण्यात फोन आला: ती चिनी बोट पुन्हा दिसतेय, आणि आता ती जमिनीवर आहे. तपासलं तर जागा ठाण्याच्याच मुद्देमालाच्या कपाटाची. तांडेलाला परत बोलावलं. त्याने खिशातून पोराच्या खेळण्यातलं चुंबक काढलं आणि बोट बुडवली.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. पुरुष नळ्यांच्या किमतीवर बोलले. पुलावर बसलेल्या बायकांपैकी एक मावशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘तुमचा बोया सुटला, माझी टोपली कुजली. मला कोण देणार?’ सोसायटीने त्या दिवशीच्या बायकांना थोडी रक्कम दिली. आठवड्यात अठ्ठावीस नळ्या जमा झाल्या. तीन-चार आल्या नाहीत. त्या कुणाकडे आहेत हे गावाला माहीत आहे.

मी सहा दारांना सहा पत्रं लिहिली. मागणी एकच: जाळ्याला लावायला मान्य असलेलं यंत्र कोणतं आणि त्याचा परवाना कोण देतं? ही मागणी हवेतली नव्हती. जाळ्यावरच्या अशा यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर सोय झालेली आहे. जहाजांच्या एआयएसच्या लहरी १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ, जाळ्याच्या बोयांसारख्या यंत्रांसाठी १६०.९०० मेगाहर्ट्झ वेगळी ठेवली आहे आणि त्यांचा क्रमांक ९७९ ने सुरू होतो, म्हणजे कुणी त्याला बोट समजू नये. आमच्या नळ्या जहाजांच्या लहरींवर, देशाच्या नंबराने बोलत होत्या. बोयाने बोट असल्याचं सोंग घेतलं होतं, आणि मच्छीमाराला ते सोंगच हवं होतं, कारण जहाज बोटीला वळसा घालतं.

दोन उत्तरं आली. एकाने लिहिलं, विषय आमच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्याने पत्र ज्या खात्याकडे पुढे पाठवलं, तिथे माझं पत्र आधीच पोचलेलं होतं.

काय झालं

गुन्हा झाला नाही, ताकीद मिळाली. किनाऱ्याच्या सुरक्षेच्या पुढच्या ‘सागर कवच’ सरावात सोसायटीच्या होड्यांना सामील करून घेतलं. सोसायटीने जेटीवरच्या सुरक्षा रक्षकाच्या रजिस्टरासारखंच स्वतःचं एक रजिस्टर सुरू केलं: हरवलेली जाळी, सुटलेले बोये, वेळ, अंदाजे जागा. पानाच्या वर दोन नंबर लाल शाईत, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४.

बैठकीत एका अधिकाऱ्याने ट्रान्सपाँडरचा विषय काढला. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतून देशभर एक लाख होड्यांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर बसवण्याचं काम सुरू आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या पालघरमधूनच त्याची सुरुवात केली. संदेश दोन्ही बाजूंनी जातो, वादळाचा इशारा मोबाइलवर येतो, संकटात बटण दाबलं की किनाऱ्याला कळतं. ओखी वादळात, २०१७ मध्ये, केरळच्या कितीतरी बोटी देवगडला आसऱ्याला आल्या आणि त्यांच्या घरच्यांना त्या जिवंत आहेत की नाही हे कळायला दिवस गेले. ते ज्यांनी पाहिलं त्यांना या यंत्राचं मोल सांगावं लागत नाही. काहींना आपल्या मासळीच्या जागा सरकारला कळतील अशी धास्ती होती, ती अजून आहे. तरी बऱ्याच जणांनी ते बसवून घेतलं.

पण अधिकाऱ्याचं वाक्य होतं, ‘आता त्या नळ्यांची गरजच नाही.’ तिथे मी हात वर केला. ट्रान्सपाँडर उपग्रहाशी बोलतो, उपग्रह किनाऱ्यावरच्या केंद्राशी. शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या ब्रिजवर त्यातलं काहीच उमटत नाही. आणि तो होडीवर असतो, जाळ्याच्या टोकाला नव्हे. सरकारला होडी दिसायला लागली, जहाजाला जाळं दिसेनासं झालं.

डिसेंबरात एका रात्री याच तांडेलाचं जाळं एका जहाजाने कापलं. जहाज कोणतं, कळलं नाही. जवळजवळ निम्मं गेलं. तो मला काही बोलला नाही, फक्त ज्यांनी नळ्या दिल्या नव्हत्या त्यांची जाळी शाबूत असल्याचं जेटीवर सगळ्यांच्या लक्षात आलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

पोलिसांनी पहाटे तीनला नाकाबंदी करायला नको होती असं मी म्हणणार नाही. ‘कुबेर’ भारतीय नोंदणीची, भारतीय नावाची बोट होती. नंबर बरोबर असणं हा निर्दोषपणाचा पुरावा नाही हे आपण महाग किंमत देऊन शिकलो. नंबर चुकीचा असणं हाही गुन्ह्याचा पुरावा नसतो, पण ते तपासल्यावर कळतं. मात्र पहिल्या फोनवर सेक्रेटरीला ‘बोट आहे का’ याच्याबरोबर ‘कुणाचं काही सुटलंय का’ हेही विचारलं असतं, तर तांडेल सहालाच समोर आला असता असं मला वाटतं. आणि पडद्यावर दिसणाऱ्या खुणेचा वेग व प्रवाहाचा वेग ताडून पाहायला एखादा रेडिओवाला किंवा तांडेल शेजारी बसवला असता, तर टेम्पोतला बर्फ वाचला असता.

माझ्या अडीच तासांबद्दल सांगितलंच आहे. संशय होता तेव्हाच तो ‘संशय’ म्हणून कळवायला हवा होता, नावाशिवाय कळवता आला असता. त्याहून मोठी चूक दोन हंगाम आधीची. एमएमएसआय म्हणजे काय हे गावात मला एकट्याला माहीत होतं.

नळ्या जमा करताना बदल्यात काय, हे ठरवल्याशिवाय सोसायटीने त्या द्यायला नको होत्या, असं आता काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, सौदा करण्याची ती वेळ नव्हती. पण जमा केल्याच्या पावतीवर ‘पर्यायी यंत्राबाबत मार्गदर्शन मिळावे’ एवढी एक ओळ घालून घेतली असती, तर आज पाठपुराव्याला हातात काहीतरी असतं.

रजिस्टरात आतापर्यंत सात नोंदी झाल्या आहेत. पहिली मार्चमधली. रात्री साडेअकराला एका तरुण तांडेलाने समुद्रातून १०९३ ला फोन लावला, बोया सुटलाय म्हणून. पलीकडून विचारलं, ‘नंबर काय त्याचा?’ तो म्हणाला, ‘नंबर नाही, साहेब. साधा थर्माकोल आहे.’ मग फोन कशाला केलास, असं विचारून हवालदाराने तरी वेळ आणि जागा लिहून घेतली.